प्लग बसतो म्हणून लावायचा नाही: गिटार पेडलला योग्य व्होल्टेज कसं द्यावं

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी जमिनीवर बसून पेडलबोर्डाच्या, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेट्यांच्या फळीच्या, वायरी नव्याने बांधत होतो. पॉवर सप्लायमधून आठ काळ्या वायरी निघालेल्या आणि आठही टोकांना सारखेच काळे प्लग. त्यातली एक १८ व्होल्टची, इक्वलायझरसाठी. ती शेजारच्या ओव्हरड्राइव्हला, म्हणजे आवाज मुद्दाम फोडणाऱ्या पेडलला, लागली. प्लग अगदी सहज बसला. पेडलचा दिवा नेहमीपेक्षा लखलखीत पेटला, दोन-तीन सेकंदांत विझला आणि खोलीभर जळका वास पसरला. मागचं झाकण उघडलं तर आठ पायांच्या एका छोट्या आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक. बाकी सगळं जागच्या जागी, नव्यासारखं.

ते पेडल नंतर मीच दुरुस्त केलं, आणि तेव्हापासून ओळखीतल्या वादकांची बंद पडलेली पेडल उघडून बघायची सवय लागली. त्यातल्या बऱ्याच पेडलचा घात वाजवताना झालेला नसतो, प्लग लावताना झालेला असतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. पेडल जाळणं फार सोपं आहे आणि ते टाळणंही तेवढंच सोपं आहे, फक्त प्लगच्या आकारावर विश्वास ठेवायचा नाही.

तो आकार बहुतेक पेडलना एकच असतो: बाहेरून ५.५ मिलिमीटर, आतलं भोक २.१ मिलिमीटर. ९ व्होल्टचा प्लग, १८ व्होल्टचा प्लग, २४ व्होल्टचा प्लग, काही वेळा एसी अडॅप्टरचा प्लगसुद्धा, सगळे याच मापाचे. चुकीचा प्लग आतच जाणार नाही अशी कुठलीही सोय या सॉकेटमध्ये केलेली नाही. राखायचं ते आपणच.

आधी पेडलवरचं वाचा

सॉकेटच्या शेजारी किंवा पेडलच्या पोटाखालच्या स्टिकरवर चार गोष्टी लिहिलेल्या असतात. किती व्होल्ट, एसी (दिशा सतत बदलणारा) की डीसी (एकाच दिशेचा), प्लगच्या मध्यात प्लस की मायनस, आणि किती मिलिअँपिअर. पहिल्या तीन तंतोतंत जुळायला हव्यात. चौथी, म्हणजे मिलिअँपिअर, अडॅप्टरवर पेडलच्या गरजेइतकी किंवा त्याहून जास्त असायला हवी.

या चौथ्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून तिथे थोडं थांबतो. मला नेहमी विचारलं जातं, ‘पेडलला २० मिलिअँपिअर लागतात आणि अडॅप्टर २००० चा आहे, जळणार नाही ना?’ नाही जळणार. अडॅप्टरवरचा आकडा ही त्याची ऐपत आहे, पेडलवरचा आकडा ही त्याची भूक. पेडल भुकेपुरताच करंट ओढतं. अडॅप्टर करंट आत ढकलत नाही, तो ढकलतो व्होल्टेज. म्हणून व्होल्टेज जास्त झालं की पेडल मरतं आणि मिलिअँपिअरची ऐपत जास्त असली तर काहीही होत नाही. उलट बाजूने मात्र अडचण आहे: ३०० मिलिअँपिअर लागणाऱ्या डिजिटल रिव्हर्बला १०० ची वायर लावली तर ते सुरू होता होता बंद पडेल, पुन्हा सुरू होईल, आणि तो सप्लाय तापत राहील.

डीसीची खूण म्हणजे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. एसीची खूण म्हणजे लाटेसारखी नागमोडी रेघ. मध्यात काय आहे ते एका चित्रातून कळतं: मध्ये भरलेला ठिपका, त्याच्याभोवती अर्धवट गोल, ठिपक्यापासून एक रेघ एका बाजूला आणि गोलापासून दुसरी रेघ दुसऱ्या बाजूला. ठिपक्याची रेघ ज्या चिन्हाकडे जाते ते मधलं टोक. गिटार पेडलमध्ये ते बहुधा मायनस असतं. घरातल्या इतर उपकरणांचे अडॅप्टर, म्हणजे राउटर, स्पीकर, कीबोर्ड, बहुधा उलटे असतात, मध्यात प्लस. राउटरचा ९ किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर हाताशी होता म्हणून लावला आणि पेडल गेलं, ही माझ्याकडे येणारी नेहमीची हकीकत आहे.

पेडलवाल्यांनी जगाच्या उलट का केलं, असं वाटेल. त्यामागे चांगलं कारण आहे. पेडलच्या पॉवर सॉकेटमध्ये तीन पाय असतात: मधली पिन, बाहेरची पत्र्याची पट्टी, आणि त्या पट्टीला टेकलेला एक संपर्क. प्लग आत गेला की तो बाहेरच्या पट्टीला सरकवतो आणि तो संपर्क सुटतो. म्हणजे सॉकेटमधला आपोआप तुटणारा स्विच बाहेरच्या बाजूला आहे. आता बॅटरीचं मायनस टोक आधीच पेडलच्या इनपुट जॅकमधून, म्हणजे गिटारची केबल लागते तिथून, फिरवलेलं असतं, कारण केबल काढली की बॅटरी बंद झाली पाहिजे. मग अडॅप्टर लागल्यावर तोडायला उरतं बॅटरीचं प्लस. म्हणून प्लस बाहेरच्या पट्टीवर आणि मायनस मध्ये. आज बऱ्याच पेडलमध्ये बॅटरीची जागाही नसते, तरी ती पद्धत टिकून आहे, आणि आता सगळे सप्लाय तिलाच धरून बनतात.

मग अडॅप्टर मोजा

अडॅप्टरवर छापलेलं खरं असेलच असं धरून चालू नका. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. ज्याच्याकडे दोनपेक्षा जास्त पेडल आहेत त्याने तिसऱ्या पेडलआधी मीटर घ्यावा, असं मी अगदी मनापासून सांगतो.

मीटरची चकती डीसी व्होल्टच्या २० वर न्या. काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात. लाल वायर चुकूनही अँपिअरच्या भोकात ठेवू नका, कारण त्या अवस्थेत मीटर म्हणजे नुसता तारेचा तुकडा असतो आणि तुम्ही अडॅप्टर सरळ शॉर्ट कराल. आता अडॅप्टर सुरू करा. प्लग डाव्या हातात, तोंड तुमच्याकडे. लाल प्रोबचं टोक प्लगच्या भोकात आतल्या भिंतीला लागेल असं घाला, काळ्या प्रोबचं टोक प्लगच्या बाहेरच्या चकचकीत धातूवर टेकवा. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका. मी लाल प्रोबच्या टोकावर चिकटपट्टीचा एक वेढा देऊन अगदी शेवटचे चार-पाच मिलिमीटर तेवढे उघडे ठेवलेत, त्यामुळे ते काठाला लागत नाही.

पडद्यावर −९.२ आलं तर उत्तम. आकड्याआधीचं उणे चिन्ह सांगतं की लाल टोक जिथे आहे, म्हणजे मध्यात, तिथे मायनस आहे. नेहमीच्या पेडलला हेच हवं. नुसतं ९.२ आलं, उणे चिन्ह नाही, तर मध्यात प्लस आहे. तो अडॅप्टर बाजूला ठेवा. ९ ते ९.७ च्या दरम्यानचं काहीही मी ९ व्होल्टच्या पेडलला निर्धास्त लावतो, कारण नवी कोरी अल्कलाइन बॅटरीसुद्धा साडेनऊच्या आसपास दाखवते.

पण अडॅप्टरवर ९ लिहिलंय आणि मीटर १३ दाखवतोय, असंही होतं. असा अडॅप्टर अनरेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर न राखणारा, असतो. आत ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कॅपॅसिटर, बस. त्याच्यावर पूर्ण भार टाकला, समजा ३०० मिलिअँपिअर, तेव्हा तो ९ वर उतरतो. भार नसेल तर वर चढून बसतो. ५ मिलिअँपिअर ओढणारं डिस्टॉर्शन हा त्याच्यासाठी भारच नव्हे, म्हणून त्या बिचाऱ्या पेडलला १२-१३ व्होल्ट सोसावे लागतात. शिवाय अशा अडॅप्टरची घूं घूं आवाजात उतरते ती वेगळीच. वजनाने जड, चौकोनी, जुना अडॅप्टर हाती आला की आधी हाच संशय घ्यायचा.

मीटर डीसीवर असताना शून्याच्या आसपास काहीतरी हलतंय असं दिसलं, तर चकती एसी व्होल्टवर फिरवून बघा. तिथे ९ किंवा १० आलं तर तो एसी अडॅप्टर आहे. ‘९ व्होल्ट’ एवढंच वाचून फसायला होतं ते इथेच. लाइन ६ कंपनीच्या मूळ डीएल४ या डिलेचा, म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलचा, अडॅप्टर ९ व्होल्ट एसी आहे. नंतर आलेल्या मार्क २ ला ९ व्होल्ट डीसी लागतो. डिजिटेकच्या चौथ्या पिढीच्या व्हॅमीला ९ व्होल्ट एसी, पाचव्या पिढीच्या व्हॅमीला ९ व्होल्ट डीसी. नाव तेच, व्होल्ट तेच, प्रकार मात्र वेगळा. डीसीच्या पेडलला एसी दिला तर सेकंदाला पन्नास-साठ वेळा त्याची बाजू उलटसुलट होते, आणि आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर ते सोसत नाहीत.

१८ दिले तर आत काय होतं

पेडलचं सुरक्षित व्होल्टेज त्याच्या आतला सर्वांत नाजूक भाग ठरवतो. हे एकदा मनात बसलं की ‘अमक्याचं पेडल १८ वर झकास वाजतं, मग माझंही वाजेल’ असं वाटणं थांबतं.

ओव्हरड्राइव्हमध्ये असणारा टीएल०७२ सारखा ऑप-अँप, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, एकूण ३६ व्होल्टपर्यंत तग धरतो. त्याला १८ म्हणजे काहीच नाही. पण त्याच बोर्डावर शेजारी उभा असलेला कॅपॅसिटर १६ व्होल्टचा असू शकतो. त्याच्या अंगावर आकडा छापलेला असतो: १०, १६, २५. १६ च्या कॅपॅसिटरवर १८ टाकले तर तो त्याच क्षणी फुटेल असं नाही, कधी महिने काढेल, पण आतून झिजत जाईल आणि एखाद्या दिवशी त्याचं डोकं फुगलेलं दिसेल.

माझ्या ओव्हरड्राइव्हमध्ये गेला तो चार्ज पंप. काही पेडल ९ व्होल्ट घेऊन आतल्या आत त्याचे १८ करतात, किंवा उणे ९ तयार करतात. क्लॉन सेंटॉर हे त्यातलं सर्वांत गाजलेलं, आणि त्याच्या वळणाची कितीतरी पेडल आज बाजारात आहेत. या कामासाठी लागणाऱ्या मॅक्स१०४४ या आयसीची कमाल मर्यादा आहे १०.५ व्होल्ट. १८ सोडा, त्याला १२ सुद्धा झेपत नाहीत. आणि मजबूत, जड, महागडं पेडल बघून आपल्याला वाटतं की हे सगळं सहन करेल. पेटी मजबूत असते, आतली ती आठ पायांची चिप नाही. आयसीएल७६६०एस ची मर्यादा थोडी वर, १३ च्या आसपास. एलटी१०५४ त्याहून वर जाते, पण १८ तिलाही चालत नाहीत. माझं पेडल वाचलं कारण चार्ज पंपने मरताना बाकीच्यांना वाचवलं. ती आयसी बेसमध्ये बसवलेली होती, नवी दाबून बसवली आणि पेडल बोलायला लागलं. प्रत्येकाच्या नशिबी असं नसतं.

कोरस, फ्लँजर आणि अॅनालॉग डिलेमध्ये आवाज बादल्यांच्या रांगेसारखा पुढे सरकवणाऱ्या चिप असतात. त्यातली एमएन३२०७ ही ४ ते १० व्होल्टवर चालायची. तिच्या आधीची एमएन३००७ १५ व्होल्टच्या जमान्यातली. म्हणजे दोन कोरस पेडल दिसायला सारखी, पण आतली सहनशक्ती वेगळी. बाहेरून ओळखण्याचा कुठलाही मार्ग नाही, स्टिकर सोडून.

पीटी२३९९ ही चिप असलेल्या स्वस्त डिलेची गंमत आणखी निराळी. ही चिप ५ व्होल्टवर चालते, म्हणून तिच्या आधी ७८एल०५ नावाचा छोटासा रेग्युलेटर असतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. या रेग्युलेटरला ३० व्होल्टपर्यंत चालतात, म्हणून लोक म्हणतात १८ द्यायला हरकत नाही. पण गणित करून बघा. समजा चिप ४० मिलिअँपिअर ओढते. ९ व्होल्टवर रेग्युलेटरला ४ व्होल्ट गिळावे लागतात: ४ गुणिले ०.०४, म्हणजे ०.१६ वॉट. १८ व्होल्टवर गिळायचे १३: म्हणजे ०.५२ वॉट, तिपटीहून जास्त. तो एवढासा तुकडा ही अर्ध्या वॉटची उष्णता बाहेर टाकू शकत नाही. तापतो, स्वतःला बंद करतो, निवतो, पुन्हा सुरू होतो. दोन गाण्यांनंतर डिले गायब होतो आणि पाच मिनिटांनी परत येतो, असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न व्होल्टेजचाच विचारतो.

मग १८ व्होल्ट कुणाला द्यायचे? ज्याच्यावर लिहिलंय त्यालाच. एमएक्सआरचा दहा बँडचा इक्वलायझर १८ मागतो. फुलटोनच्या ओसीडीला ९ ते १८ मधलं काहीही चालतं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या डीलक्स मेमरी मॅनच्या पुढच्या आवृत्तीला २४ लागतात, रेडिअलच्या टोनबोन पेडलना १५. व्होल्टेज वाढल्याने आवाजाला फुटण्याआधी वर-खाली हलायला जास्त जागा मिळते, म्हणून क्लीन बूस्ट, इक्वलायझर, बास प्रीअँप यांना १८ वर खरंच मोकळं वाटतं. पण ट्यूब स्क्रीमरच्या जातीच्या ओव्हरड्राइव्हमध्ये आवाज आधी डायोडवरच कापला जातो, सप्लायच्या छतापर्यंत तो पोचतच नाही. तिथे १८ देऊन मिळणारा फरक माझ्या कानाला इतका थोडा आहे की त्यासाठी पेडल पणाला लावावं असं मला वाटत नाही.

कमी दिलं तर

कमी व्होल्टेजने सहसा काही जळत नाही. १८ च्या पेडलला ९ दिले तर आवाज लवकर फुटतो, दबका येतो, किंवा पेडल गप्प राहतं. अनोळखी पेडल तपासायचं असेल आणि स्टिकर खरवडून गेलं असेल, तर मी ९ व्होल्ट, मध्यात मायनस, डीसी, १०० मिलिअँपिअरच्या वायरीने सुरुवात करतो, आणि तेही निर्मात्याचं मॅन्युअल शोधून सापडलं नाही तरच.

डिजिटल पेडल मात्र कमी सप्लायवर फर्मवेअर अपडेट करताना किंवा प्रीसेट साठवताना बंद पडलं तर आतली माहिती अर्धवट लिहिली जाऊ शकते. हे काम नेहमी पेडलच्या स्वतःच्या अडॅप्टरवर करा.

फझची, म्हणजे आवाज पार खरखरीत करणाऱ्या पेडलची, गोष्ट वेगळी, आणि मला फार आवडणारी. १९६२ चा माएस्ट्रो फझ-टोन ३ व्होल्टवर चालायचा, दीड-दीडच्या दोन सेलवर. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझला उतरत चाललेली बॅटरी मानवते; आठ-साडेसात व्होल्टवर त्याचा आवाज थोडा खरखरीत, थोडा गुदमरलेला होतो आणि सूर सोडल्यावर कडेने विरतो. काही सप्लायमध्ये व्होल्टेज मुद्दाम खाली उतरवायची कळ असते ती याचसाठी. ती कळ फझच्या वायरीला ठेवा, डिजिटल पेडलच्या नाही.

फझबद्दलच आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. जुन्या धाटणीच्या जर्मेनियम फझमध्ये पीएनपी ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांची ग्राउंड बाजू प्लसला जोडलेली असते. एकाच वायरीला पाच-सहा प्लग असलेल्या माळेवर असा फझ इतर पेडलबरोबर लावला, तर काय होतं बघा. गिटारच्या पॅच केबलचं बाहेरचं आवरण सगळ्या पेडलची ग्राउंड एकत्र जोडतं. इतरांची ग्राउंड म्हणजे मायनस, फझची ग्राउंड म्हणजे प्लस. म्हणजे त्याच एका सप्लायचं प्लस आणि मायनस पॅच केबलमधून एकमेकांना भिडलं. सप्लाय शॉर्ट. अशा फझला एक तर बॅटरी द्या, नाही तर पूर्णपणे वेगळं, आयसोलेटेड आउटपुट आणि उलटी केलेली वायर.

माळ, की वेगवेगळी आउटपुट

माळ लावायची तर सगळी पेडल एकाच व्होल्टेजची, एकाच बाजूची हवीत, आणि त्यांच्या मिलिअँपिअरची बेरीज करून त्यावर चौथा हिस्सा आणखी धरायचा. डिस्टॉर्शन ५, कोरस २०, ट्यूनर ३०, अॅनालॉग डिले ३०, मिळून ८५. म्हणजे ११० च्या आसपास ऐपत पुरे. त्यात ३०० चं एक डिजिटल पेडल आलं की हिशेब ४८० वर जातो, आणि बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्हमधून बारीक शिट्टी ऐकू येते. ती डिजिटल पेडलच्या आतल्या घड्याळाची शिट्टी. त्या एका पेडलला माळेतून बाहेर काढा.

बॉसची काही जुनी पेडल एसीए नावाच्या अडॅप्टरसाठी बनलेली आहेत, तो १२ व्होल्टचा होता. आत येणारं जादा व्होल्टेज ते पेडल स्वतःच खाली आणतं. त्याला एकट्याला आजचा ९ व्होल्टचा रेग्युलेटेड अडॅप्टर लावला तर दिवा मिणमिणतो आणि आवाज मरगळतो. पेडल बिघडलंय असं समजून कुणाला देऊन टाकू नका. पोटाखालच्या स्टिकरवर एसीए लिहिलंय का ते आधी बघा.

दोन ९ व्होल्टची आउटपुट जोडून १८ करणारी वायर मिळते. ती वापरायला दोन्ही आउटपुट एकमेकांपासून खरोखर आयसोलेटेड हवीत. नुसती आठ भोकं आहेत म्हणून सप्लाय आयसोलेटेड ठरत नाही. कित्येक स्वस्त सप्लाय म्हणजे पेटीत भरलेली माळच असते. मीटर बीपवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर, ठेवा, सप्लाय बंद ठेवा, आणि दोन आउटपुटच्या प्लगच्या मधल्या टोकांना दोन प्रोब लावा. बीप वाजला तर मायनस आतून एकच आहे. त्यावर ही वायर लावली तर एक आउटपुट शॉर्ट होईल. करंट दुप्पट करणारी जोडवायर दिसायला अगदी हिच्यासारखीच असते, पण ती ९ चे ९ च ठेवते. दोन्ही घरात असतील तर आजच त्यांच्यावर नाव लिहा.

यूएसबी चार्जरमधून ९ व्होल्ट मागून घेणाऱ्या वायरी आता बरेच जण वापरतात. चार्जरशी बोलणी जमली नाहीत तर तिथे ५ च येतात, आणि काही वायरींवरची छोटी कळ दाबली गेली की ९ चे १२ किंवा १५ होतात. अशी कळ असलेली वायर मी बोर्डावर ठेवत नाही.

माझ्या बोर्डावर त्या रात्रीनंतर रंगीत चिकटपट्ट्या आल्या. १८ च्या वायरीला दोन्ही टोकांना लाल, एसीला पिवळी, फझच्या उलट्या वायरीला निळी, आणि ९ ला काहीच नाही. प्रत्येक पेडलच्या सॉकेटशेजारी तीच पट्टी. अंधाऱ्या रंगमंचावर घाईत हात गेला तरी लाल लालला जाते. नवं पेडल आलं की आधी वायर मोजायची, मग पेडल एकट्याने लावायचं, दिवा बघायचा, पाच मिनिटांनी पेटीला हात लावून बघायचा. कोमट चालेल, चटका नको.

चुकलंच तर

प्लग ताबडतोब ओढा. ‘वाजतंय का बघू’ म्हणून पुन्हा लावू नका. बॅटरी आत असेल तर तीही काढा.

मध्यात प्लसवाला अडॅप्टर लागून पेडल मेलं असेल तर अजून आशा आहे. बऱ्याच पेडलमध्ये सॉकेटच्या जवळ १एन४००१ सारखा एक काळा डायोड आडवा बसवलेला असतो, प्लस आणि मायनसच्या मध्ये. बाजू उलटली की तो स्वतः सगळा करंट पितो आणि बाकीच्या सर्किटला झळ लागू देत नाही. हे जास्त वेळ चाललं तर तो आतून वितळून कायमचा शॉर्ट होतो. मग योग्य अडॅप्टर लावला तरी दिवा पेटत नाही आणि माळेवरची बाकीची पेडलही बंद पडतात.

पेडलला काहीही जोडलेलं नसताना मीटर बीपवर ठेवून सॉकेटच्या मधल्या पिनेच्या आणि बाहेरच्या पट्टीच्या पायांना प्रोब लावा. बीप सलग वाजत राहिला तर त्या डायोडचा एक पाय सोल्डर वितळवून वर उचला आणि पुन्हा मोजा. बीप गेला की दोष सापडला. डायोडशिवायही पेडल चालेल, पण तसं ठेवू नका. नवा डायोड लावा, त्याच्या अंगावरची पांढरी पट्टी प्लसच्या बाजूला. पाय उचलूनही बीप वाजतच असेल तर दोष पुढे आहे, आणि मग ते ज्याला सर्किट वाचता येतं त्याच्याकडे न्या. आणि एक: हे सगळं प्लगवर चालणाऱ्या पेडलबद्दल आहे. ज्या जुन्या पेडलची वायर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये जाते ते, आणि कुठलाही अडॅप्टर, स्वतः उघडायचा नाही; त्यांच्या आत प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल एवढी वीज साठून राहिलेली असू शकते.